गाव कौंडण्यपूर, इंटर्नशिप पुण्यात : मोठ्या कंपनीतले उन्हाळ्याचे दोन महिने नेमके कसे असतात?

वर्धा नदीच्या काठावरचं कौंडण्यपूर महाराष्ट्राला माहीत आहे ते रुक्मिणीचं माहेर म्हणून. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्याचं हे गाव. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. आषाढी एकादशीच्या आधी इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागते. ही परंपरा १५९४ पासूनची असल्याचं सांगितलं जातं.

अलीकडे याच दिवसांत या पट्ट्यातून आणखी काही जण बॅग भरून निघतात. कुणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतो, कुणी बीसीएला, कुणी बीकॉमला. एसटीने अमरावती, तिथून किंवा बडनेऱ्याहून रेल्वे आणि दुसऱ्या दिवशी पुणे. हातात एका मोठ्या कंपनीचं पत्र असतं आणि त्यावर लिहिलेलं असतं : समर इंटर्न, कालावधी आठ आठवडे.

घरी प्रश्न येतो, "नोकरी लागली का?" उत्तर असतं, "नाही, इंटर्नशिप आहे." मग पुढचा प्रश्न, "म्हणजे पगार किती?" आणि तिथे गाडी अडते. कारण हा पगार नसतो, ही नोकरी नसते आणि हा कॉलेजचा नुसता प्रोजेक्टही नसतो. मग असतं काय? समजून घेऊ.

इंटर्नशिप म्हणजे काय आणि काय नाही?

इंटर्न हा शब्द आपल्याकडे आधी पोहोचला तो डॉक्टरांमुळे. एमबीबीएस झालेल्या प्रत्येकाला रुग्णालयात एक वर्ष इंटर्न म्हणून काम करावंच लागतं. इतर शाखांमध्ये या शब्दाचा अर्थ थोडा सैल झाला. शिकत असताना किंवा शिक्षण संपल्या संपल्या ठरावीक काळ प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी राहून काम शिकणं, म्हणजे इंटर्नशिप.

तिची गल्लत नेहमी दोन गोष्टींशी होते.

पहिली गोष्ट अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी. तिच्यामागे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. करार नोंदवला जातो, किमान विद्यावेतन नियमाने ठरलेलं असतं आणि ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आयटीआय केलेल्या मुलांना हा रस्ता चांगला माहीत आहे. पदवीधर आणि पदविकाधारकांसाठीही याच कायद्याखाली वेगळी व्यवस्था आहे.

दुसरी गोष्ट ट्रेनी. कंपनी नोकरीवर घेते, पण पहिले काही महिने प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवते, तो ट्रेनी. त्याच्या हातात नोकरीचं पत्र असतं.

उन्हाळी इंटर्न या दोन्हींत बसत नाही. त्याच्यासाठी किमान स्टायपेंड ठरवून देणारा वेगळा केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे एकाच शहरात, एकाच कामासाठी एका कंपनीत महिना पन्नास हजार मिळतात, दुसरीत पाच हजार आणि तिसरीत फक्त प्रमाणपत्र. पत्रावर जे लिहिलंय तेच खरं. म्हणून ते पत्र नीट वाचणं महत्त्वाचं.

कॉलेज इंटर्नशिपसाठी मागे का लागतं?

कारण ती आता अभ्यासक्रमाचा भाग आहे. तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या नमुना अभ्यासक्रमात इंजिनिअरिंगची पदवी पूर्ण होईपर्यंत सुमारे ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप अपेक्षित आहे. त्यासाठी १४ ते २० क्रेडिट ठेवलेले आहेत. ही सगळी एकदम करायची नसते, ती वेगवेगळ्या सुट्ट्यांमध्ये विभागलेली असते.

कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या मुलांपर्यंत हा विषय नव्या शैक्षणिक धोरणामुळे पोहोचला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात पदवीसाठी दोन ते चार क्रेडिटची इंटर्नशिप आहे. एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे चार क्रेडिटला १२० तास. महाराष्ट्रातल्या कॉलेजांमध्ये त्याला 'ऑन जॉब ट्रेनिंग' किंवा नुसतं 'ओजेटी' म्हणतात.

अडचण अशी, की हे तास पूर्ण करायला तेवढ्या जागा हव्यात. पुण्यातल्या मुलाला कंपनी बसच्या टप्प्यात असते. तिवसा, चांदूर रेल्वे किंवा धामणगावच्या मुलाला कंपनीसाठी आधी शहर गाठावं लागतं. त्यामुळे अनेक जण ओळखीच्या दुकानातून, सीएच्या ऑफिसातून किंवा कॉम्प्युटर क्लासमधून शिक्का आणतात. नियमाचे तास भरतात, पण शिकायचं ते राहून जातं. मोठ्या कंपनीत जागा मिळालेल्या मुलाकडे सगळा वर्ग वेगळ्या नजरेने बघतो, ते यामुळेच.

संधी येते कुठून?

साधारण चार वाटा आहेत.

एक, कॉलेजचा प्लेसमेंट सेल. मोठ्या कंपन्या ठरावीक कॉलेजांनाच बोलावतात, त्यामुळे हे सगळ्यांच्या नशिबी नसतं.

दोन, कंपनीची स्वतःची वेबसाइट. इन्फोसिसचा 'इनस्टेप' हा कार्यक्रम १९९९ पासून सुरू आहे. टीसीएससह बहुतेक मोठ्या कंपन्या करिअरच्या पानावर इंटर्नशिपचे अर्ज घेतात. इथे वेळ महत्त्वाची असते. मे महिन्यातल्या इंटर्नशिपची निवड अनेक ठिकाणी आदल्या वर्षीच सुरू होते. एप्रिलमध्ये शोधाशोध सुरू करणाऱ्याला मोठी कंपनी सहसा मिळत नाही.

तीन, एआयसीटीईचं इंटर्नशिप पोर्टल. इथे कॉलेजमार्फत नोंदणी होते आणि सरकारी खात्यांच्या जागाही दिसतात.

चार, कॉलेजचे माजी विद्यार्थी. आपल्याच कॉलेजातून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेला दादा किंवा ताई आता त्या कंपनीत असेल, तर त्यांच्याकडून अर्ज पुढे गेलेला बरा. ही वशिलेबाजी नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांत याला 'रेफरल' म्हणतात आणि त्याची अधिकृत पद्धत असते. परीक्षा आणि मुलाखत द्यावीच लागते.

पत्र आलं. आता काय तपासायचं?

आनंदाच्या भरात लोक फक्त कंपनीचं नाव वाचतात. खरं तर या सात गोष्टी पाहायच्या असतात.

* तारखा : अमरावती विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा लांबल्या तर रुजू होण्याची तारीख आणि शेवटचा पेपर एकमेकांवर येऊ शकतात. हे आधीच कळवलं तर कंपनी बहुधा आठवडाभर पुढे-मागे करते. ऐनवेळी कळवलं तर जागा जाऊ शकते.
* ठिकाण : प्रत्यक्ष ऑफिसात, घरून, की दोन्ही? 'पुणे' एवढ्यावर भागत नाही. हिंजवडी आणि खराडी ही शहराची दोन टोकं आहेत. ऑफिसचा पत्ता कळल्याशिवाय खोली घेऊ नये.
* स्टायपेंड : किती, महिन्याला की शेवटी एकदम आणि कोणत्या तारखेला.
* राहणं-खाणं : काही मोठ्या कंपन्या राहण्याची सोय किंवा कॅन्टीन देतात. पत्रात नसेल तर विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही.
* काम : विभागाचं नाव, मार्गदर्शकाचं नाव, कामाचं स्वरूप.
* गोपनीयतेचा करार : याबद्दल पुढे सविस्तर.
* मूळ कागदपत्रं : तपासणीसाठी मूळ प्रती दाखवायच्या, पण ठेवायला द्यायच्या नाहीत.

खरा प्रश्न : खिशात किती पैसे लागतात?

इंटर्नशिपवर लिहिणारे लोक मुलाखत, रिझ्युमे, नेटवर्किंग यावर खूप बोलतात. गावातून निघणाऱ्या मुलाचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो. एक साधा हिशेब मांडून पाहू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. शहर आणि भाग बदलला की ते बदलतील.

समजा स्टायपेंड महिना १२,००० आहे. दोन महिन्यांचे झाले २४,०००.

खर्चाची बाजू अशी :

* कॉट बेसिसवर जागा, महिना ६,००० : दोन महिन्यांचे १२,०००
* मेस, महिना ३,५०० : ७,०००
* शहरातला प्रवास, महिना १,५०० : ३,०००
* येण्या-जाण्याचं तिकीट : १,५००
* ऑफिसला चालतील असे कपडे आणि बूट : २,०००

एकूण २५,५००. म्हणजे स्टायपेंड मिळूनही दीड हजार घरूनच घालावे लागले.

पण त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. पहिला स्टायपेंड हातात येतो महिना भरल्यावर. त्याआधी खोलीचं डिपॉझिट ६,०००, पहिल्या महिन्याचं भाडं ६,०००, मेस ३,५००, प्रवास १,५००, जाण्याचं तिकीट ७५० आणि कपडे-बूट २,००० असे १९,७५० रुपये हातात हवेत. डिपॉझिट परत मिळतं, पण निघताना.

आता महिना बघा. मे आणि जून. वऱ्हाडात याच दिवसांत घरात बियाणं-खताची जुळवाजुळव चाललेली असते. सोयाबीन, कपाशी, तूर, सगळ्याचा पैसा पेरणीआधी लागतो आणि पीक हाती यायला दिवाळी उजाडते. अशा वेळी वीस हजार मागणं सोपं नसतं. शहरातल्या घरी राहणाऱ्या मुलासाठी ज्या स्टायपेंडमधून नवा फोन येतो, तोच स्टायपेंड गावातून आलेल्या मुलाला पुरतही नाही. बिनपगारी इंटर्नशिपचा प्रश्न तर आणखी सरळ आहे. तिथे घरचे लोक स्वतःचे पैसे भरून मुलाला कामाला पाठवत असतात.

यावर उपाय काय? डिपॉझिट वाचवण्यासाठी गावाकडच्या मुलांच्या खोलीत दोन महिने चौथा म्हणून राहणं, ही जुनी आणि चालणारी पद्धत आहे. उन्हाळ्यात अनेक मुलं घरी गेल्यामुळे खोल्यांमध्ये कॉट रिकाम्या असतात. काही कॉलेजं आपल्या वसतिगृहात बाहेरच्या इंटर्नना तात्पुरती जागा देतात. कंपनीच्या एचआरला प्रवासखर्च किंवा पहिल्या महिन्याची आगाऊ रक्कम मिळते का, हे मेल करून विचारता येतं. उत्तर नाही आलं तरी त्यामुळे जागा जात नाही.

पहिला दिवस ते आठवा आठवडा

कंपनी कुठलीही असली तरी मोठ्या ठिकाणचा साचा बराचसा सारखा असतो.

पहिला आठवडा कागदांचा. ओळखपत्र, बँक खातं, सह्या, लॅपटॉप, सुरक्षिततेचं प्रशिक्षण, कंपनीची ओळख करून देणारी भाषणं. कारखाना असेल तर हेल्मेट आणि सेफ्टी शूज. एक मेंटॉर नेमला जातो. काही ठिकाणी 'बडी' म्हणून थोडा ज्येष्ठ सहकारीही देतात.

दुसरा आठवडा बहुतेकांना खातो. लॅपटॉप मिळालेला असतो, पण आवश्यक त्या प्रणालीत शिरण्याची परवानगी मिळालेली नसते. मेंटॉर सतत मीटिंगमध्ये. आजूबाजूला सगळे कामात आणि आपण रिकामे. 'आपली इथे गरजच नाही' असं वाटायला लागतं ते इथे. हे जवळपास सगळ्यांचं होतं. मोठ्या कंपनीत परवानग्यांना वेळ लागतो, त्यात इंटर्नचा दोष नसतो. या दिवसांत जुने अहवाल वाचणं, विभागात कोण काय करतं याची यादी करणं आणि मेंटॉरकडून रोजची पंधरा मिनिटं मागून घेणं, एवढं केलं तरी पुढचे आठवडे सोपे जातात.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात खरं काम. मोठ्या कंपनीत इंटर्नला मुख्य कामाचा छोटा, वेगळा काढता येणारा तुकडा देतात. एखाद्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहिणं, यंत्राच्या बंद राहण्याच्या वेळांची नोंद काढून कारणं शोधणं, विक्रीच्या आकड्यांचा तक्ता बनवणं. चौथ्या आठवड्याच्या आसपास मधला आढावा होतो. दिशा चुकली असेल तर ती सुधारायची ही वेळ असते, म्हणून अर्धवट काम दाखवायला लाजू नये.

सातवा आठवडा अहवालाचा, आठवा सादरीकरणाचा. विभागप्रमुखांसमोर दहा-पंधरा मिनिटं बोलायचं असतं. प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो : तुमच्या कामामुळे काय बदललं? इथे आकडा लागतो. 'बरंच शिकायला मिळालं' हे उत्तर त्या खोलीत चालत नाही. 'आधी हा अहवाल काढायला तीन तास लागत, आता वीस मिनिटं लागतात' हे चालतं.

इंग्रजीची धास्ती आणि 'काहून'

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा अर्धा जीव मीटिंगमध्ये बोलण्याच्या भीतीत जातो. लेखी परीक्षा पार पडते, कोड येतो, पण सगळ्यांसमोर तोंड उघडत नाही. त्यात वऱ्हाडी हेलाची चेष्टा झाली तर आणखीच.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मोठ्या कंपन्यांमधलं रोजचं काम लिहून चालतं. मेल, चॅट, कामाची नोंद, अहवाल. चार साध्या, बरोबर वाक्यांत मुद्दा लिहिता येणारा इंटर्न तिथे टिकतो. मीटिंगआधी आपले तीन मुद्दे लिहून ठेवायचे आणि मीटिंग झाल्यावर 'मला हे असं समजलं, बरोबर आहे का?' असा मेल पाठवायचा. यामुळे चूक वेळेत कळते आणि आपलं लक्ष आहे हेही दिसतं.

वऱ्हाडात प्रत्येक गोष्टीला 'काहून?' विचारायची सवय असते. इंटर्नच्या कामात हाच प्रश्न सगळ्यात उपयोगी ठरतो. हा अहवाल रोज काहून काढायचा? हे काम हाताने काहून करतात? शब्द इंग्रजी असोत की मराठी, प्रश्न नेमका असला की माणसं ऐकतात.

पोस्ट टाकायच्या आधी थांबा

पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र घालून स्टोरी टाकायचा मोह होतो. घरच्यांनाही तो फोटो हवा असतो. फोटो काढण्यात काही वाईट नाही, पण मागे काय दिसतंय ते बघावं. संगणकाचा पडदा, फळ्यावरचा आराखडा, ग्राहकाचं नाव, कारखान्यातलं यंत्र यांपैकी काहीही दिसत असेल तर तो गोपनीयतेच्या कराराचा भंग ठरू शकतो. ओळखपत्रावरचा क्रमांक आणि बारकोडही झाकायला हवा.

हेच कामाच्या फाइल्सबद्दल. इंटर्नशिपमध्ये लिहिलेला कोड किंवा अहवाल आपणच केला, म्हणून घरी न्यायचा, असं चालत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात केलेल्या कामाची मालकी, वेगळं ठरलेलं नसेल तर, सहसा कंपनीकडे जाते. इंटर्नच्या पत्रातही हे कलम बहुधा लिहिलेलं असतं. कॉलेजला अहवाल द्यायचा असतो, त्यामुळे त्यात काय लिहिता येईल याची लेखी परवानगी मेंटॉरकडून सातव्या आठवड्याआधीच घ्यावी.

इंटर्नला हक्क असतात का?

असतात. सगळ्यात महत्त्वाचा हक्क अनेक मुलींना माहीतच नसतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी नाही. त्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारही येतात, मग त्यांना पैसे मिळत असोत किंवा नसोत. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते.

म्हणून रुजू झाल्यावर अंतर्गत समितीत कोण आहे, हे पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवावं. ही नावं ऑफिसात लावलेली असायला हवीत.

सरकारी इंटर्नशिप योजना चालतील का?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. दोन योजनांची नावं फिरत असतात.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्यांमध्ये संधी देण्याचं तिचं उद्दिष्ट. पहिला पथदर्शी टप्पा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला. त्या टप्प्याच्या अटी अशा होत्या : वय २१ ते २४, पूर्णवेळ नोकरी किंवा पूर्णवेळ शिक्षण सुरू नको, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. कालावधी १२ महिने. महिना ५,००० रुपये, त्यातले ४,५०० सरकारकडून आणि ५०० कंपनीकडून. शिवाय एकदाच ६,००० रुपये.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना महाराष्ट्र सरकारची. २०२४ च्या जुलैमध्ये तिचा शासन निर्णय आला. वय १८ ते ३५. बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. मुळात कालावधी सहा महिन्यांचा होता. इथेही शिक्षण सुरू असलेले उमेदवार पात्र नाहीत.

म्हणजे तिसऱ्या वर्षाला असलेल्या, कॉलेजात नियमित शिकणाऱ्या मुलाच्या उन्हाळी इंटर्नशिपला या दोन्ही योजनांचा उपयोग नाही. पदवी झाल्यावर नोकरी मिळेपर्यंतच्या काळासाठी त्या आहेत. अटी बदलत असतात, त्यामुळे अर्जाआधी अधिकृत पोर्टल पाहावं.

८२ हजार देकार, रुजू झाले ८,७००

पंतप्रधान योजनेच्या पहिल्या फेरीचे आकडे बोलके आहेत. कंपन्यांनी सुमारे १ लाख २७ हजार जागा टाकल्या. अर्ज आले सहा लाखांवर. ८२ हजारांहून अधिक देकार गेले. स्वीकारले साधारण २८ हजार जणांनी. प्रत्यक्ष रुजू झाले सुमारे ८,७००. म्हणजे दर दहा देकारांमागे जेमतेम एक माणूस कामावर पोहोचला.

सरकारने याची जी कारणं सांगितली त्यात ठिकाण लांब असणं, कामाचं स्वरूप आवडीचं नसणं आणि कालावधी जास्त असणं ही प्रमुख आहेत. वर मांडलेला खर्चाचा हिशेब इथे पुन्हा लावून पाहिला तर 'ठिकाण लांब' याचा अर्थ कळतो. परक्या शहरात महिना ५,००० मध्ये भाडं आणि जेवण बसवणं अवघड आहे. घराजवळची कंपनी असेल तर तेच ५,००० कामाचे ठरतात.

मग गावाजवळ काय आहे?

कौंडण्यपूरपासून अमरावती सुमारे ४० किलोमीटर. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ एमआयडीसीत कापड उद्योगाचे कारखाने आहेत, रेमंडसारखं मोठं नाव तिथे आहे. रतनइंडियाचा १,३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्पही याच भागात. पीएम मित्र योजनेतल्या अमरावतीच्या टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. दुसऱ्या दिशेला, अमरावतीहून दीडशे किलोमीटरवर नागपूर. तिथल्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल यांची केंद्रं आहेत, शिवाय बुटीबोरीची औद्योगिक वसाहत.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा टेक्स्टाइलच्या मुलासाठी नांदगाव पेठेतला कारखाना हा पुण्यातल्या ऑफिसपेक्षा कमी नाही. उलट कापूस शेतातून निघून कापड होईपर्यंत काय काय होतं, हे कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला तिथे डोळ्यांनी दिसतं. अशा ठिकाणी जागांची जाहिरात क्वचितच येते. कॉलेजचं पत्र घेऊन थेट एचआरकडे अर्ज द्यावा लागतो आणि तो जानेवारी-फेब्रुवारीत दिला तर विचार होतो.

फसवणूक कशी ओळखायची?

इंटर्नशिपची गरज वाढली तशी तिच्या नावाने पैसे उकळणारेही वाढले. मोठ्या कंपनीचा लोगो, चकचकीत पत्र आणि शेवटी 'नोंदणी शुल्क', 'लॅपटॉप डिपॉझिट' किंवा 'ट्रेनिंग फी'.

* मोठी कंपनी इंटर्नकडून पैसे घेत नाही. सरकारी योजनांच्या अर्जालाही शुल्क नाही.
* मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून यायला हवा, जीमेलवरून नाही. सरकारी पोर्टलचा पत्ता सहसा 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो.
* मुलाखत न घेता, फक्त व्हॉट्सअॅपवर निवड झाल्याचं कळलं तर संशय घ्यावा.
* शंका आली तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या क्रमांकावर किंवा पत्त्यावर विचारावं, पत्रावर छापलेल्या क्रमांकावर नाही.
* पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*इंटर्नशिप झाली म्हणजे नोकरी पक्की का?*
नाही. काम आवडलं तर काही कंपन्या शेवटच्या वर्षाआधीच नोकरीचा देकार देतात, त्याला प्री-प्लेसमेंट ऑफर किंवा पीपीओ म्हणतात. पण तो कंपनीच्या भरतीवरही अवलंबून असतो. चांगलं काम करूनही पीपीओ न मिळणारे खूप असतात.

*मधेच सोडता येते का?*
येते, पण पत्रातली अट पाहून आणि लेखी कळवून. न सांगता निघून गेलं तर प्रमाणपत्र मिळत नाही आणि कॉलेजचे क्रेडिटही अडकू शकतात. शिवाय पुढच्या वर्षी त्या कंपनीचं दार कॉलेजच्या इतर मुलांसाठी बंद होऊ शकतं.

*निघताना काय काय घ्यायचं?*
प्रमाणपत्र, कॉलेजच्या फॉर्मवर मेंटॉरची सही आणि शिक्का, शेवटच्या स्टायपेंडची तारीख लेखी, आणि मेंटॉर शिफारसपत्र देणार असतील तर ते. ही सगळी कामं शेवटच्या दिवशी होत नाहीत, आठवडाभर आधी सुरू करावी लागतात.

*घरून ऑनलाइन इंटर्नशिप केली तर चालते का?*
कॉलेज मान्य करत असेल तर चालते आणि खर्चही वाचतो. गावात नेट आणि वीज टिकते का, हे मात्र आधी पाहावं.

परतल्यावर

आठ आठवड्यांनी मुलगा किंवा मुलगी गावी परतते तेव्हा पेरण्या झालेल्या असतात आणि पालखी पंढरपूरच्या वाटेवर किंवा पंढरपुरात असते. हातात एक कागद असतो, बँकेत फारसं काही नसतं. घरचे पुन्हा विचारतात, "मग, लागली का नोकरी?"

उत्तर तेव्हाही 'नाही' असू शकतं. पण मोठ्या कंपनीत काम कसं चालतं, कोणतं काम आपल्याला जमतं आणि कोणतं नको, हे आता स्वतः पाहिलेलं असतं. आणखी एक गोष्ट बरोबर आलेली असते. कुणाला मेल करायचा, अर्ज कधी भरायचा, खोली कुठे स्वस्त मिळते आणि निघताना किती पैसे लागतात, हे सगळं. कॉलेजच्या ग्रुपवर ते लिहून टाकायला अर्धा तास लागतो. पुढच्या वर्षी तिवसा तालुक्यातून निघणाऱ्या मुलाला त्याच माहितीसाठी एक अख्खं वर्ष गमवावं लागणार नाही.